वर्दीत लावलेला नंबर

माझ्या लाडक्या दोघांनो,

गेल्या रविवारी तुम्ही दोघं एकदमच फोनवर होतात. थोरलीनं सांगितलं, की ती कॉलेजच्या कौन्सेलरकडे जायला लागली आहे. त्यावर धाकटा घाईघाईनं म्हणाला, "पण आजी, कुणाला सांगू नकोस हं." नाही सांगणार. ते तिचं तिनं सांगायचं. मात्र फोन ठेवल्यावर आमच्या सोसायटीतल्या नानांची फार आठवण आली. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत, म्हणून आज लिहायला बसले. सावकाश वाचा. कुठं अडलं तर फोन करा.

कुणाच्याही घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं की नाना आधी घरभर नजर फिरवायचे आणि मग विचारायचे, "दुसरी वाट कोणती?" म्हणजे आग लागली तर बाहेर पडायला दुसरा रस्ता कुठून आहे? नाना अग्निशमन दलात होते. बंबावर. आमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हाही पाटावर बसण्याआधी हाच प्रश्न. तुमचे आजोबा म्हणाले, "आधी तीर्थ तर घ्या, वाट नंतर शोधू."

लेकीसाठी स्थळ बघायला उधन्याला गेले, तिथंही तेच. चहा व्हायच्या आत स्वयंपाकघरात डोकावून आले आणि भर बैठकीत म्हणाले, "घर चांगलं आहे, पण दुसरी वाट नाही." त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, त्यांना असा चिमटा काढला म्हणतात की चहा सांडला. लग्न तिथंच जमलं. पण साखरपुड्याच्या आत मुलाकडच्यांनी गॅलरीच्या जाळीला दार बसवून घेतलं.

आम्ही सुरतेला, डिंडोलीत तळमजल्यावर आणि नाना आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. ते साक्रीकडचे, घरात अहिराणी. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते म्हणून सगळी सोसायटी मला बाई म्हणायची, तेही म्हणायचे. अंगानं रुंद, आवाज मोठा. बोलताना समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायचे आणि बोलणं संपेपर्यंत सोडायचे नाहीत. आमचे गुजराती शेजारी हिंमतभाई म्हणायचे, नानांना हात देण्याआधी घरची सगळी कामं उरकून घ्यावीत.

एका हिवाळ्यात पलसाण्याच्या बाजूला कापड रंगवायच्या कारखान्यात आग लागली. इथे अशा आगी लागतात, पेपरात येतात, आठवड्यानं विसरल्या जातात. नाना पहाटे घरी आले, आंघोळ केली, झोपले. त्यानंतरचे नाना वेगळे होते.

बोलणं कमी झालं. जेवताना मध्येच उठायचे. संक्रांतीला त्यांच्याकडे आम्ही सगळे जायचो, त्या वर्षीही गेलो. तिळगूळ देताना मी त्यांच्यापुढे हात केला, तर त्यांनी आपले हात मागे नेले. "ताटलीत ठेवा बाई," म्हणाले. मला वाटलं, हात ओले असतील.

मग सोसायटीत ठरूनच गेलं, की नानांनी आगीची धास्ती घेतली. आमची कीव जरा अतीच कामसू होती. वहिनींनी गॅस बंद करून विजेची शेगडी आणली, तिच्यावर भाकरी फुगेना. देवापुढचे दिवे कोपऱ्यात सरकले. हिंमतभाईंनी गॅलरीत बिडी ओढणं सोडलं, जे त्यांच्या बायकोला तीस वर्षांत जमलं नव्हतं. साक्रीहून आलेल्या चुलत्यांनी एका भगताकडून गंडा आणला. मी एकदा नानांना डॉक्टरचं सुचवलं, तर म्हणाले, "बाई, मी वेडा आहे का? आणि हे ऑफिसात कळलं तर मला बंबावरून उतरवून फोनवर बसवतील. फोनवर बसण्यापेक्षा घरी बसेन." त्यांना बंबाशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही नकोही होतं.

होळी आली. दरवर्षी ती आमच्या फाटकासमोर पेटते, नानांच्या खिडकीखालीच. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून ती मागच्या मोकळ्या जागेत रचली. संध्याकाळी नाना ड्युटीवरून आले आणि फाटकाशीच थबकले.

"होळी कुठं गेली?"

हिंमतभाई हळूच म्हणाले, "नानाने तकलीफ ना थाय ने, एटले पाछळ राखी." म्हणजे नानांना त्रास नको, म्हणून मागे ठेवली.

"कसली तकलीफ?"

हिंमतभाईंनी वहिनींकडे पाहिलं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "तुम्हाले आगनं भेव वाटस ना, म्हणून."

नाना भडकले. इतकी वर्षं आमच्याशी चोख मराठी बोलणारा माणूस, त्या दिवशी सगळ्यांसमोर घरच्या बोलीत ओरडला. "माले आगनं भेव नही वाटत! माले हातनं भेव वाटस, हातनं!"

आणि मग खाली ओट्यावर बसले आणि सांगितलं. कारखान्याच्या मागच्या खिडकीला गज होते. आतल्या एका माणसानं गजांतून हात बाहेर काढून नानांचा हात धरला होता. बाकीचे गज कापत होते. नाना त्याला म्हणत होते, मी आहे, मी आहे. तेवढ्यात वरचं छत झुकलं आणि साहेबांनी मागे हटायचा हुकूम दिला.

"त्यानं सोडला नव्हता, बाई. मी सोडवून घेतला. एकेक बोट उघडून."

हिंमतभाई त्यांच्या शेजारी जाऊन बसले. हात धरला नाही, नुसते बसले. वहिनी उभ्याच होत्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं ना. मी त्या शेगडीवर तीन महिने कच्च्या भाकरी थापल्या." नाना हसले आणि हसता हसता रडायला लागले. होळी त्या वर्षी मागेच पेटवली. नाना तिच्यासमोर, सगळ्यांत पुढं उभे होते.

त्यानंतर ते डॉक्टरकडे जायला तयार झाले, पण सुरतेत नको. कुणी पाहील. म्हणून थेट नवसारी. डोक्याला रुमाल, डोळ्यांना काळा चष्मा, सोबत वहिनी. मानसोपचार विभागाच्या बाकावर बसले, तर पलीकडच्या टोकाला तसाच रुमाल, तसाच चष्मा आणि खाली एक ओळखीची झुपकेदार मिशी. त्यांच्याच बंबाचा ड्रायव्हर!

"तू इथं काय करतोस?"

"दाढ दुखते, नाना. तुम्ही?"

"मी पण... दाढच."

वहिनी म्हणाल्या, "दातांचा डॉक्टर खाली आहे. दोघं मिळून जा."

दोघंही जागचे हलले नाहीत. पलसाण्याच्या त्या आगीत ड्रायव्हरही होता. तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती. नाना मला हा प्रसंग हसत हसत सांगायचे, पण शेवटी म्हणायचे, "बाई, चोवीस तास एका गाडीवर बसतो आम्ही. एका डब्यातून जेवतो. आणि एकमेकांपासून लपायला नवसारी गाठली."

पुढच्या खेपेला त्यांनी जे केलं, त्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. नवसारी नाही, सुरतेतलंच मोठं सरकारी हॉस्पिटल. आणि रुमाल नाही, चष्मा नाही, पूर्ण वर्दी. इस्त्री केलेली खाकी, पट्टा, टोपी, चमकणारे बूट. वहिनींनी विचारलं, "परेड आहे का?" तर म्हणाले, "हो."

हॉस्पिटलात रांगेतली माणसं बाजूला सरकायला लागली. शिपाई धावत आला. "साहेब, कसला बंदोबस्त आहे?"

"बंदोबस्त नाही. नंबर लावलाय. पेशंट आहे."

कुणी पुढं जा म्हणालं, तर गेले नाहीत. रांगेत उभे राहिले. त्यांच्या मागं, आपल्या वर्दीत, मिशाळ ड्रायव्हर.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. वर्दीत तिथं जायचं? दलाची काही अब्रू? नाना म्हणाले, "साहेब, आगीत माझा पाय मोडला असता तर वर्दीतच उचलून नेलं असतं ना तुम्ही?"

पण नानांना ज्याची भीती होती तेच झालं. डॉक्टरांचा होकार येईपर्यंत बंबावर जायचं नाही, फोनवर बसायचं. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. ते खचले नाहीत. औषधं घेतली. डॉक्टरीणबाईंपुढं बसून तो पलसाण्याचा दिवस पुन्हा पुन्हा सांगितला. "पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खुर्ची घेऊन पळावंसं वाटलं," म्हणायचे. बंब निघाला की ते फोनजवळून दारापर्यंत यायचे आणि परत जाऊन बसायचे. हे मला ड्रायव्हरनं सांगितलं. ड्रायव्हर लवकर बरा होऊन गाडीवर परतला होता आणि निघताना रोज हॉर्न वाजवून नानांना चिडवायचा.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा नाना बंबावर परत गेले. आणि त्याच आठवड्यात खाडी भरली. तुम्ही सुरतेचा खाडीपूर पाहिलेला नाही. वरचं आभाळ कोरडं असलं तरी पाणी येतं, काळं, गिरण्यांच्या वासाचं, आणि उतरायचं नाव घेत नाही. आमच्या तळमजल्यात ते खिडकीच्या कठड्याला लागलं. जिन्याचं दार पाण्याच्या दाबानं उघडेना. पलंगावर टेबल आणि टेबलावर मी, अशी बसले होते. तुमचे आजोबा तेव्हा हयात नव्हते.

खिडकीबाहेर रबरी होडी आली. तिच्यात नाना. पाठीमागं दोन जवान. ड्रायव्हर वल्हं मारत होता, गाडी नाही तर नाही.

जवानांपैकी एक पुढं झाला, तसं नानांनी त्याला थांबवलं. खिडकीला गज नव्हते, देवाची कृपा. पण खिडकी होती, आणि आत मी होते. नानांनी तिच्याकडे पाहिलं. मला दिसलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ड्रायव्हरनं वल्हं थांबवलं.

मग नानांनी हात आत घातला. "बाई, हात द्या."

मी दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि मला अलगद होडीत घेतलं. मी बसले, ओढणी सारखी केली, चष्मा पुसला, तरी हात सुटेना. बोटं कळवळायला लागली.

"नाना, बसले मी. सोडा आता."

"थांबा बाई. जरा वेळ."

होडी रस्त्याला लागेपर्यंत तसेच बसलो होतो. ड्रायव्हर तोंड फिरवून मिशी पुसत होता. मी जन्मात पुष्कळ बक्षीस समारंभ पाहिले, हार-तुरे पाहिले. पण कुणाचा इतका अभिमान मला त्याआधी वाटला नव्हता.

पाणी ओसरल्यावर मी लाडू घेऊन त्यांच्या स्टेशनात गेले. दुपारची वेळ. जवान अंगणात आगीवरून आणलेले लांबलचक पाइप धुऊन वाळत घालत होते. गाणी नाहीत, मस्करी नाही. एकजण पाइप घासत घासत खाली मान घालून काहीतरी सांगत होता. बाकीचे ऐकत होते. मध्येच कुणी म्हणालं, "अरे, मग तू असं करायचं होतंस की..." तोच नानांचा मोठा आवाज आला, "सल्ला नको. पाणी मार."

त्यांनीच सुरू केलं होतं ते. पाइप तर धुवावेच लागतात, हात गुंतलेले असतात, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडेना, तेव्हा ते म्हणाले होते, "बरं, मी सांगतो आधी."

नाना निवृत्त होऊन साक्रीला गेले. वहिनी गॅसवर भाकरी करतात, असा निरोप येतो. दुसऱ्या मजल्यावर आता एक ओडिया जोडपं राहतं. मिशाळ ड्रायव्हरही पुढच्या वर्षी निवृत्त होईल. परवा बाजारात भेटला, तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, स्टेशनातल्या निम्म्या पोरांनी नानांना पाहिलेलंसुद्धा नाही. तरी आग विझवून गाडी परत आली, की पाइप धुऊन होईपर्यंत कुणी घरी जात नाही. ज्याला सांगायचं असेल तो सांगतो, आणि बाकीचे पाणी मारतात.