पाठमोरी मोटार

नवलसिंग नंदुरबारहून नवी मोटार घेऊन आला नसता, तर दोधू शहाद्यातला सर्वांत सुखी माणूस राहिला असता.

बारा वर्षं पंचक्रोशीतले नवरदेव त्याच्याच उघड्या मोटारीतून लग्नाला गेले. मोटार सतरा सालची, पुढून दांडा फिरवून सुरू करायची. त्या दांड्यानं एकदा उलटा झटका देऊन दोधूचं मनगट मोडलं. ते वाकडंच सांधलं. दोष हाडवैद्याचा, मोटारीचा नाही, असं तो सांगे.

नवलसिंगची छत्तीस सालची. वर पत्र्याचं छप्पर, चहूकडे काचा, बटण दाबलं की सुरू. दोधू चहाच्या दुकानातून तिच्याकडे सवतीकडे बघावं तसा बघे. "पेटी शे ती. मानूस उकडी जाई," म्हणे.

वैशाखात भटू पाटलांच्या पितांबरचं लग्न निघालं, प्रकाशाला. नवरदेवाला नवी मोटार ठरली, दोधूकडे वाजंत्री. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. जेवला मात्र पोटभर.

निघताना पितांबर वाकला आणि बाशिंग दाराच्या चौकटीला अडलं. तो आडवा झाला, तिरपा झाला, पाठीकडून शिरून पाहिलं. नवलसिंग म्हणाला, घडीभर सोडा की. नवरदेवाची आई शोभाबाई पुढे झाली. "बांधेल बाशिंग लगीन लागापर्यंत सोडानं नही."

दोधूनं वाजंत्री उतरवून नवरदेवाला आपल्या मोटारीत कधी बसवलं, कुणाला कळलंच नाही.

वाटभर तो मागच्या काचबंद मोटारीवर धूळ उडवत राहिला. प्रकाशाअलीकडे नदीच्या पात्रातून वर चढताना मात्र गाडी खोकली. टाकी बैठकीखाली, तोंड वर झालं की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नसे. त्यावर दोधूचा उपाय जुनाच होता. त्यानं गाडी वळवली आणि उलटी चढवली.

वेशीवर वधूची आत्या जमनाबाई आरती घेऊन उभी. समोरून आली नवरदेवाची पाठ.

"आरती पाठले ओवाळू का?" ती म्हणाली. सगळी वेस हसली. पितांबरनं बाशिंगाआड तोंड लपवलं.

तेवढ्यात रिकामी नवी मोटार सरळ तोंडानं, न खोकता वर आली. हसणारे सगळे तिकडे धावले. हार घातलेली दोधूची मोटार एकटीच उरली, आणि दोधूही.

मंगलाष्टकं चालली असताना नवलसिंगनं दार उघडून धरलं. "दोधूभाऊ, ये, बठ."

नाही म्हणायचं म्हणून दोधू उठला आणि जाऊन बसला. वाकड्या मनगटाच्या हातानं, अंगठ्यानं, बटण दाबलं. इंजिन लगेच चालू झालं. त्यानं ते बंद केलं. पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा.

"कशी शे?" नवलसिंगनं विचारलं.

दोधूनं हात काढला नाही.

"आवाज बारीक शे," तो म्हणाला.