त्याची शाल, त्याचाच कोट

आमच्या गिरगावातल्या चाळीची स्मरणिका निघते आहे. माझ्या मित्राच्या मुलीनं मला फोन केला. "काका, बाबांवरचा लेख तुम्हीच लिहा. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी विलायतेची नोकरी कशी लाथाडली, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

कुणालाच नाही, हे खरं. कारण ती गोष्ट मीच तयार केली होती.

आम्ही दोघं एकाच मजल्यावर वाढलो, बरोबरच मेकॅनिकल इंजिनीअर झालो आणि लोअर परळच्या एकाच गिरणीत लागलो. तो माझ्याहून सरस होता. बिघडलेल्या यंत्राजवळ तो नुसता कान देऊन उभा राहायचा आणि दुखणं सांगायचा. मी ड्रॉइंग पसरून बसायचो. लँकेशायरमधल्या एका यंत्रांच्या कारखान्याला तीन वर्षांसाठी इथला एक इंजिनीअर हवा होता. साहेबानं दोघांची मुलाखत घेतली आणि त्याला निवडलं. मला म्हणाला, हा आला नाही तर तू.

मला त्याचा हेवा वाटला असं म्हणणं फार सौम्य होईल. गॅलरीतून त्याची शीळ ऐकू आली की मी दार लोटून घ्यायचो. त्यानं ठाकूरद्वारच्या शिंप्याकडे गरम कोट शिवायला टाकला आणि ट्रायलला मलाच बरोबर नेलं. तोंडात टाचण्या धरून शिंपी त्याच्याभोवती फिरत होता, आणि मी मनातल्या मनात तो कोट माझ्या अंगावर चढवून पाहत होतो. बाह्या मला किंचित लांब झाल्या असत्या, एवढाच दोष सापडला.

"कसा दिसतो रे?" त्यानं विचारलं.

"झकास," मी म्हणालो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पगार होता आठवड्याला बारा पौंड. पौंडाला तेरा रुपये, हा गुणाकार चाळीतल्या पोरांनाही पाठ झाला. महिन्याला सहाशेच्या वर! गिरणीत आम्हाला सव्वादोनशे मिळत. पण त्याला वडील नव्हते, आणि आईच्या होकाराशिवाय तो जाणार नव्हता. एका दुपारी काकू गॅलरीत गवार निवडत बसल्या होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, "तुला तिकडचं सगळं माहीत आहे म्हणे. पोराचं नीट भागेल ना रे?"

मला माहीत होतं, कारण तिकडे राहून आलेल्या आमच्या एका वरिष्ठांना मी खोदून खोदून विचारलं होतं. स्वतःसाठी.

"भागेल की, काकू. महागाई आहे, एवढंच. आता हजामत घ्या. दीड रुपया."

"एका डोक्याला?"

"एका डोक्याला. फ्लॉवरचा गड्डा एक रुपया. खोली आणि दोन वेळचं जेवण, आठवड्याला चाळीस."

"आठवड्याला? अरे, आम्ही महिन्याला बारा देतो. त्यात नळावरची भांडणंसुद्धा आली!"

"आणि खोलीत गॅसची शेगडी असते. तिच्या पेटीत नाणं टाकायचं. नाणं संपलं की शेगडी विझते."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे ऊबसुद्धा विकत घ्यायची?"

यातला एकही आकडा खोटा नव्हता. मात्र हे सगळे खर्च काढून महिनाअखेर त्याच्याजवळ गिरणीच्या अख्ख्या पगाराहून जास्त शिल्लक राहिली असती. ती वजाबाकी मी घरी केली होती. काकूंपुढे केली नाही.

तरी ते साधलं नाही. दोन दिवस मायलेकांत धुसफूस चालली आणि मग काकूच विरघळल्या. "जा बाबा. हजामत महिनाआड कर, पण जा." आमच्या बिऱ्हाडापर्यंत ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं तो हसला. शनिवारी साहेबाला होकार कळवायचा होता.

त्याच आठवड्यात चाळीच्या चौकात संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. तेव्हा दर चार दिवसांनी कुठेतरी सभा असायचीच. मोर्च्यांना आम्ही दोघं जायचो. तो बेंबीच्या देठापासून घोषणा द्यायचा, मी त्याच्या मागे. त्या दिवशी परळहून यायचे वक्ते अडकून पडले. शाल, श्रीफळ, हार टेबलावर मांडलेले, चौक भरलेला आणि बोलायला कुणी नाही. आमचे चाळीचे अध्यक्ष घायकुतीला येऊन म्हणाले, "अरे, तुम्ही पोरं शिकलेली ना? बोला की काहीतरी तोवर!"

मी उठलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, एवढं माझ्या बाजूनं म्हणता येईल. पण समोर पहिल्या रांगेत तो बसला होता, मांडीवर शेजारच्यांचं पोर घेऊन, इतका सुखी. माझ्या तोंडून निघालं, "मुंबईसाठी माणसं रक्त सांडताहेत. अशा वेळी सहाशे रुपयांची विलायती नोकरी लाथाडणारा एक तरुण याच चाळीत आहे!" आणि मी त्याच्याकडे बोट केलं.

चौक उसळला. मांडीवरचं पोर कुणीतरी काढून घेतलं आणि त्याला उचलून टेबलापाशी आणलं. वक्त्यांसाठी आणलेली शाल अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. तो काहीतरी सांगू पाहत होता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे"च्या गजरात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. नारळ छातीशी धरून तो माझ्याकडे पाहत राहिला. आजूबाजूला सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होतो.

त्या शालीनंतर तो बोटीचं तिकीट काढायला कोणत्या तोंडानं जाणार होता? शनिवारी त्यानं साहेबाला नकार दिला. सोमवारी साहेबानं मला बोलावलं.

चाळ मला सोडणार नव्हती. "एक राहिला, एक पळाला," असं जिन्यात ऐकू येई. बॅलार्ड पिअरवर घरच्यांखेरीज पोचवायला आला तो एकटा. हातावर कोट होता.

"घे. थंडी असते तिकडे."

"अरे, तुझा आहे."

"मी हा घालून गिरगावात फिरलो तर लोक बँडवाला समजतील," तो म्हणाला आणि हसला. बाह्या मला किंचित लांबच झाल्या.

तीन वर्षांसाठी गेलो आणि बरीच वर्षं राहिलो. शिल्लक अंदाजाप्रमाणे पडली, दादरला जागा झाली. पण हेवा काही मुंबईत राहिला नाही, बोटीत माझ्याबरोबर चढला. महाराष्ट्र झाला त्या रात्री चाळीच्या प्रत्येक गॅलरीत पणत्या लावल्या आणि त्याला खांद्यावर घेऊन पोरं नाचली, असं घरून कळलं. मी त्याचा कोट घालून शेगडीच्या पेटीत शिलिंग टाकत होतो. मला त्या खांद्यांचा हेवा वाटला. मीच दिलेल्या मानाचा हेवा.

पुढे गिरणी बंद पडली. पन्नाशी उलटल्यावर तो लालबागच्या एका गाळ्यात लेथ घेऊन बसला, आणि मला परदेशातून पेन्शन येऊ लागलं. तरी मी गिरगावात गेलो की कोपऱ्यावरची माणसं उठायची ती त्याच्यासाठी.

मुलीचा फोन आल्यावर मी कागद घेऊन बसलो आणि थांबलो. खरं लिहिलं तर माझं ओझं उतरेल. पण त्याची शालही जाईल, आणि त्याच्याकडून आणखी एक वस्तू काढून घेण्याचा मोह मला पुन्हा होतो आहे की काय, हे मला ठरवता येईना. म्हणून मी त्याच्याकडे गेलो. तो आता अंथरुणावरच असतो. गवारीच्या दुपारपासून सभेपर्यंत सगळं सांगितलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं, पूर्वी यंत्र ऐकायचा तसं.

"झालं सांगून?" त्यानं विचारलं.

"झालं."

"मग आता शाल परत करू म्हणतोस? कसरीनं खाल्ली रे ती." तो हसला, त्याला खोकला लागला. मी पाणी दिलं. "हजामतीचं लिही. आई मरेपर्यंत न्हाव्याला ते ऐकवायची."

"बाकीचं?"

खालून भाजीवाल्याची हाक आली.

"महाराष्ट्रासाठी ओरडलो ते मनापासून ओरडलो. ते ठेव," तो म्हणाला. "पण मला जायचं होतं रे. फार जायचं होतं. तेवढं लिही."

तेवढं लिहिलं आहे.