मे महिन्यातली कोरी ट्यूब

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय... आणि खरं सांगू, निम्म्या लोकांवर माझा विश्वास बसत नाही. कोणाला पिंपळावर बाई दिसते, कोणाचं कपाट आपोआप उघडतं. वाचलं की पहिला प्रश्न मनात येतो – हा माणूस जेवून झोपला होता की उपाशी? स्वभावच तसा आहे माझा. भाजीवाल्याने काटा धरला की मी भाजीकडे नाही, त्याच्या बोटांकडे बघते. नवरा म्हणतो, "तुले तं सोताच्या सावलीवरबी डाउट येते वं." तर अशा बाईने हे लिहायला घेतलंय, एवढं लक्षात ठेवून वाचा.

मी नागपूरची. सदरमध्ये एका छोट्या खाजगी लॅबमध्ये जीनोमिक्सचं काम करते. म्हणजे रक्तातला डीएनए मशीनवर वाचायचा. आमच्याकडे सिकलसेलचे पेशंट बरेच, तो आजार आईबापाकडून पोरांत उतरतो. त्यात वरून एखादा ताप लागला की कोणता त्रास कशाचा, हे डॉक्टरांनाही कळेनासं होतं. तिथे आमची गरज लागते.

आता एकच टेक्निकल गोष्ट सांगते, मग पुढचं सोपं आहे. पेशंटच्या ट्यूबांसोबत आम्ही दरवेळी एक कोरी ट्यूब लावतो. तिच्यात फक्त शुद्ध पाणी. तिच्यात काही सापडायलाच नको. आणि सापडलं, तर ते हातमोज्यावरून किंवा बाटलीतून आलं असणार – म्हणजे कचरा. मग त्याचं नाव सॉफ्टवेअरच्या फिल्टरमध्ये टाकायचं. त्यानंतर कोणाच्याही रक्तात ते दिसलं तरी रिपोर्टमधून आपोआप गळून जातं. कोरी ट्यूब खोटं बोलत नाही, यावर आमचा सगळा धंदा चालतो.

ट्यूबा लावायचं काम आमचे टेक्निशियन गजूभाऊ करतात. हाताने चोख, तोंडाने फटकळ.

मे महिन्यात, बाहेर ऊन अंग भाजून काढत होतं तेव्हा, एका दुपारी कोऱ्या ट्यूबचा रिझल्ट आला आणि मी चष्मा पुसला. स्क्रब टायफस! गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप. पाऊस पडून गवत वाढलं की याचे पेशंट येतात. मे महिन्यात नागपुरात गवत कुठलं? कूलरला लावलेल्या खसमध्ये असेल तेवढंच! आणि आमच्या लॅबमध्ये तोवर या तापाचा एकही सॅम्पल आलेला नव्हता.

"गजूभाऊ, हे काय आहे?"

"मले काय माहीत? मी तं पाणीच टाकलं."

"कोणाचा बाहेरचा सॅम्पल आणला होता का? ओळखीतला वगैरे?"

"तुमी माह्यावर शक करून राहिल्या का मॅडम?"

"हो."

"मंग सरळ म्हणा ना! काहून फिरवून फिरवून विचारता?" असं म्हणून ते खाली चहा प्यायला गेले. मला बोलावलं नाही.

मी पाण्याची बाटली तपासली, केमिकलं तपासली, गजूभाऊंचा डबासुद्धा बघितला... काही सापडलं नाही. मनातून मात्र शंभर टक्के खात्री की या माणसाने काहीतरी घोळ केलाय. मग नियमाप्रमाणे ते नाव फिल्टरमध्ये टाकलं आणि विषय संपवला.

पोळा झाला. गजूभाऊंची स्वरा, चौथीतली पोर, तान्ह्या पोळ्याला मौद्याकडे मामाच्या गावी गेली होती. लाकडी बैल सजवला, सगळ्या गावात मिरवला, घरोघरी बोजाऱ्याचे खाऊ-पैसे मिळाले म्हणून मला फोनवर फोटोही पाठवला. परत आली आणि काही दिवसांनी तापली. स्वराला सिकलसेल आहे. त्यामुळे दवाखान्यात सगळे तेच धरून चालले. सलाइन, अँटिबायोटिक, रक्त... ताप काही हटेना. मग तिला धाप लागायला लागली. ती आईलाही ओळखेना.

रक्त आमच्याकडे आलं. घरच्या माणसाच्या सॅम्पलला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून ट्यूबा मीच लावल्या. कोरीसुद्धा मीच. गजूभाऊ माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

रिपोर्ट आला. काही नाही.

"काही नाही म्हंजे चांगलंच ना मॅडम?" त्यांनी विचारलं. "म्हंजे सिकलसेलचंच असंन..."

मी हो म्हणणार होते, देवाशपथ. पण इतका स्वच्छ रिपोर्ट? एवढ्या फणफणत्या पोरीच्या रक्तात काहीच नाही? मला स्वच्छ गोष्टींचा आधी संशय येतो. मी फिल्टर काढून टाकला आणि पुन्हा चालवलं.

सगळ्यात वर तेच नाव होतं, स्क्रब टायफस. मी स्वतः फिल्टरमध्ये टाकलेलं. आजची कोरी ट्यूब बघितली, ती स्वच्छ होती.

"गजूभाऊ, पोरगी गवतात खेळली होती का?"

"हाव, मामाच्या वावरात. धुऱ्यावर ढोपरभर गवत आहे. काहून?"

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मॅडम, सिकलसेलची पोरगी आहे, उगाच नवीन शोध लावू नका. मी म्हटलं, औषध नंतर द्या, आधी तिच्या कमरेला, काखेत, केसांत बघा. मिनिटभर फोन तसाच चालू होता. मग नर्सचा आवाज आला – "आहे सर. नाड्याखाली, काळी खपली." त्या किड्याच्या चाव्याची खूण तीच.

औषध बदललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वराने डोळे उघडून तर्रीपोहे मागितले. गजूभाऊ दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लहान पोरासारखे रडले. मीही रडले, लपवत नाही.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी ती मीच! मे महिन्यातल्या कोऱ्या ट्यूबमधले जंतूचे तुकडे आणि स्वराच्या रक्तातले तुकडे शेजारी लावले. जंतूंच्याही जाती-पोटजाती असतात, गावागणिक फरक असतो. यांच्यात एका अक्षराचा फरक नव्हता. जगातल्या कुठल्याच नोंदीशी न जुळणारे, पण एकमेकांशी तंतोतंत जुळणारे.

मी सगळ्यांवर शंका घेतली. गजूभाऊंवर, मशीनवर, स्वतःवर. मेमधली ती कोरी ट्यूब फ्रीजरमध्ये होती, आणि त्याची किल्ली माझ्याकडेच असते. कोणालाही न सांगता उरलेलं मेमधलं पाणी दुसऱ्या शहरातल्या मैत्रिणीकडे तपासायला पाठवलं. तिचंही उत्तर तेच. एक सॅम्पल दुसऱ्यात सांडतो, हे आमच्याकडे होतं. पण पोळ्यानंतरचं रक्त मे महिन्यात कसं सांडेल?

गजूभाऊ म्हणतात, देवाने आधी सांगून ठेवलं. मी त्यांच्यापुढे मान हलवते. पण इशारा द्यायचा होता, तर त्या ट्यूबमध्ये का? तिच्यात दिसलेलं आम्ही डोळे मिटून कचऱ्यात टाकतो, तिथेच का? त्या इशाऱ्याने पोरगी वाचली नाही, उलट जाता जाता राहिली. जे कोणी केलं, त्याला आमची काम करायची पद्धत नीट माहीत होती... असं माझ्या मनात येतं आणि मग झोप लागत नाही.

आणखी एक आहे. त्या कोऱ्या ट्यूबमध्ये जंतूसोबत माणसाच्या डीएनएचेही थोडे तुकडे होते. ते आम्ही वाचत नाही, वेगळ्या फाइलमध्ये तसेच पडून राहतात. ते स्वराचे की आणखी कोणाचे, हे बघायला एक दुपार पुरते. गजूभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या मॅडम. पोरगी घरी आहे ना."

स्वरा आता शाळा सुटली की कधीकधी लॅबमध्ये येते. माझ्या खुर्चीत बसून गोलगोल फिरते, मावशी म्हणते, समोरच्या कॉम्प्युटरवर चित्रं काढते. ती फाइल त्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. आयुष्यभर सगळ्यांवर शंका घेतली मी, पण ती अजून उघडलेली नाही.