सानूची रिकामी बाटली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, शेजारणीला नाही, आणि ज्या शाळेनं मला सांभाळलं तिथल्या मोठ्या बाईंना तर नाहीच. देवापुढं बोलावं म्हणून कितीदा हात जोडले — आणि दरवेळी दुसरंच काहीतरी मागून परत आले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतं. बघू.

मी शाळेतली मावशी. नागपुरात हुडकेश्वरकडची लहानशी शाळा आहे. पोरांना गाडीतून उतरवून घ्यायचं, डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची, शूला न्यायचं, हे माझं काम. माझं गाव लांब, पार मंगळवेढ्याच्या पलीकडं. सातवीत शाळा सुटली. नवरा रस्त्याच्या कामावर होता, त्याच्यामागं नागपूरला आले. इथलं काम संपलं तसा तो पुढच्या कामावर गेला, आणि मग त्याचे फोनही थांबले. ओळख ना पाळख, माझ्या बोलण्याला इथल्या बाया हसायच्या, तरी मोठ्या बाईंनी मला ठेवून घेतलं. त्या उपकाराची मला धास्ती होती. हो, धास्तीच. आज काहीतरी चुकेल आणि हे सगळं हातातून जाईल, असं रोज सकाळी फाटकातून आत शिरताना वाटायचं.

यंदा सहलीच्या आधी बाईंनी नव्या मुलींना माझ्यापुढं बसवलं. म्हणाल्या, यांच्याकडून शिकून घ्या, यांच्या गाडीतल्या एकाही मुलाची चड्डी आजवर ओली झाली नाही. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी काय सांगणार? म्हटलं, लक्ष ठेवायचं, दुसरं काय.

खरं असं होतं, की हे नाव झालं तेव्हा सहलीच्या दिवशी मी पोरांना पाणीच देत नव्हते.

आमच्या वस्तीवर बायकांना आडोसा म्हणजे अंधार. उजाडायच्या आत जायचं, नाहीतर दिवस बुडाल्यावर. लग्नाला किंवा बाजाराला जायचं असलं की आई आदल्या दिवसापासून पाणी तोडायची, स्वतःचं आणि आमचंही. धरून ठेवते ती पोर शहाणी, एसटीत रडते ती द्वाड. मी शहाणी होते. प्रवास असाच करायचा असतो, असंच अंगात मुरलेलं. पण हे मी सुटायला सांगत नाही. उलट — ओटीपोटात कशा कळा येतात ते मला माहीत होतं. ज्या बाईला माहीत नाही तिच्या हातून झालं असतं तर गोष्ट वेगळी. मला माहीत होतं.

सहल दरवर्षी रामटेकला. गाडीत बसतानाच मी सगळ्यांच्या बाटल्या एका पोत्यात गोळा करायची. सांगायला कारण होतंच, गडावरची माकडं हातातली बाटली ओढून नेतात. ते खोटं नाही. मग डब्याच्या वेळी दोन-दोन घोट, बस. दुसऱ्या गाडीतली मावशी दर गावाला पोरं उतरवत बसायची, आमची गाडी सुसाट. ड्रायव्हर गजूभाऊ म्हणायचे, "काय वं मावशी, तुमचे पोट्टे ऊंट हायेत का?" सगळे हसायचे. मीही हसायची. मला त्या हसण्याचा अभिमान वाटायचा — कळतंय ना तुम्हाला?

सानू तेव्हा पहिलीत होती. आता ती कॉलेजात आहे, यावरून काळ धरा. बारीक अंगाची, बोलकी, पुढचे दात पडलेले. नंदनवन भागातून यायची. तिची आई घरी ब्लाऊज शिवायची. सहलीच्या सकाळी आईनं मला फाटकाशी बाजूला घेतलं. गुलाबी बाटली माझ्या हातात दिली, ससा होता तिच्यावर. म्हणाली, "मावशी, हिले पाणी पाजत राहजा बरं. आन् मंधामंधात शूले नेजा. डॉक्टरनं सांगून ठेवलं हाय, रोकून नाही धरू द्यायचं. तुमच्या भरोशावर धाडून राहिली हिले."

मी मान डोलावली. ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही. तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता.

आणि तरी ती ससा असलेली बाटली मी पोत्यात टाकली. का? एकीला पाणी दिलं की सगळे मागतात. एकीला नेलं की सगळ्यांनाच येते. माझ्या गाडीचं नाव होतं ना.

वर देवळापाशी सानू आली आणि माझा पदर ओढला. मावशी, शू. संडास खाली, गाड्या लागतात तिथं — कडी नसलेला, बाहेर ही रांग. म्हटलं, खाली गेल्यावर. खाली आलो तर बाकीची पोरं गाडीत चढायला लागलेली. म्हटलं, आता बस, निघतोय. गाडीत म्हटलं, हे काय, आलंच नागपूर. तिनं ऐकलं. हट्ट केला नाही, रडली नाही. माझ्या शेजारी पायाला पाय आवळून, पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. तिच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. मी खिडकीबाहेर बघत होते. गजूभाऊंना "जरा थांबवा" म्हणायला एवढं काय लागतं? दोनच शब्द. मी म्हटलं नाही.

कामठीच्या अलीकडं तिला धरवलं नाही.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी आधी पाहिलं ते कोणाला दिसलं का. मग शाल पांघरून तिला मागच्या सीटवर नेलं, पिशवीतली दुसरी चड्डी घातली, सीट माझ्याच शालीनं पुसली. आणि तिच्या कानात म्हणाले, कोणाला सांगू नको, सगळे हसतील तुला. सहा वर्षांचं लेकरू ते. सगळे हसले असते ते मला. तिला नाही.

शाळेपाशी उतरलो तेव्हा पोत्यातून तिची बाटली काढली. जवळजवळ भरलेलीच. आई फाटकात उभी दिसत होती. मी गाडीच्या आड झाले आणि सगळं पाणी मातीत ओतलं. मग रिकामी बाटली आईच्या हातात दिली. म्हटलं, सगळं प्याली बघा. नेलं पण मधेमधे. तिनं माझे दोन्ही हात धरले.

इथवरचं कदाचित मी कधीतरी कोणाला सांगितलंही असतं. पुढचं नसतं सांगितलं.

सानू बरेच दिवस शाळेत आली नाही. ताप चढला, सलाईन लावलं, असं कळलं. मी भाकरी मोडायची आणि तशीच ठेवायची. ती बरी व्हावी म्हणून मला भूक नव्हती, की ती बोलेल म्हणून? दोन्ही असेल. दुसरं जास्त असेल.

ती बोललीच. घरी सांगितलं तिनं — मावशीनं पाणी नाही दिलं, शूला नाही नेलं. अगदी खरं तेच. आणि आईनं तिला मारलं. कारण बाटली रिकामी होती. आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

हे सगळं मला आईनंच सांगितलं. संक्रांत होऊन गेली होती. ती सानूला घेऊन शाळेत आली, डब्यात तिळाचे लाडू. मोठ्या बाई तिथंच उभ्या. "खोटं बोलाले शिकली मावशी, ही पोट्टी. तुमचं नाव घेते म्हणजे काय! म्हण, सॉरी म्हण मावशीले. पाया पड."

सानूनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. वाट बघावी तसं पाहिलं — मी काही बोलेन म्हणून. बोलायला जागा होती. बाई होत्या, आई होती, ती होती. नोकरी गेली असती का? कदाचित गेली असती. कदाचित नसतीही. मी ते करून पाहिलं नाही.

ती वाकली. तिची बोटं माझ्या पायाला लागली, गार होती. आणि मी काय केलं? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असू द्या हो, लेकरू आहे, मी नाही मनावर घेत.

मी तिला माफ केलं.

बाई म्हणाल्या, मावशीचं मन मोठं. लाडू मी खाल्ला. सगळ्यांसमोर खावा लागला.

त्यानंतर सहलीत मी बाटल्या गोळा केल्या नाहीत. गाडी जागोजागी थांबवली, चड्ड्याही ओल्या झाल्या, त्या मी गुपचूप धुतल्या. नाव मात्र होतं तेच राहिलं. सानू आमच्या शाळेत चौथीपर्यंत होती. तिनं मला पुन्हा कधी "शू" म्हटलं नाही. मलाच नाही, कोणालाच नाही. शाळा सुटली की धावत घरी जायची. तिची बाटली मी रोज उचलून बघायची. सकाळी येताना जेवढी जड, तेवढीच जाताना.

माझे ब्लाऊज अजून तिची आईच शिवते. दुसऱ्या कोणाकडं जाऊ देत नाही, मायेनं बोलावते, चहा पाजते. परवा माप घेताना म्हणाली, सानूला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. दिवसभर कॉलेजात पाण्याचा घोट घेत नाही, तिथं बाथरूमला जात नाही. "काहून असं करते पोट्टी, काही समजूनच नाही राहिलं मले. लहानपणापासून असंच हाय तिचं. तुमी तर पाह्यलं हाय तिले."

मी पाहिलं होतं. टेप माझ्या पाठीवर होता, तोंडात टाचण्या धरून ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. मग तिनं टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "हात वर करा जरा, मावशी."

मी हात वर केले.