मास्तरांच्या डोक्यातली कात्री

चादरीचं एक टोक दोरीवर, दुसरं बादलीत, आणि तेवढ्यात उपचार केंद्राची गाडी दारात वाजली. काकूंनी चादर तशीच टाकली आणि मास्तरांची चाकाची खुर्ची उचलून उंबऱ्याबाहेर काढली.

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान, पेशाने शिंपी. शिडीवरून पडले आणि मानेखालचं अंग परकं झालं. जीभ मात्र कात्रीसारखी चालतच राहिली. केंद्रात त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवत. हात हलवल्याची मनात नुसती कल्पना करायची. टोपी मेंदूतले संकेत टिपणार आणि पडद्यावरच्या खेळातला चेंडू जाळीत जाणार. आज तो गेला, तर मनाने चालणारी खुर्ची वापरायला शिकायला मिळणार. नाही गेला, तर ती जागा दुसऱ्या रुग्णाला.

चेंडू जागचा हलेना.

"काका, हात हलवतोय असं मनात आणा," टोपी बसवणारी ताई म्हणाली.

"आणतोय गं! माझ्यापेक्षा तुझा चेंडूच लुळा दिसतोय."

काकूंच्या ओठांवर देवाचं नाव फिरू लागलं. ताईने तारा चाचपल्या, मास्तरांच्या केसांत बोट घातलं. बोट चमकलं.

"काकू, तेल लावलंत?"

काकूंचा चेहरा उतरला. "आज मोठा दिवस ना... डोकं शांत राहावं म्हणून चांगलं जिरवलं."

"तेलामुळे संकेत टोपीपर्यंत पोचतच नाहीयेत."

"बघ, बायकोने डोकं इतकं थंड केलं की यंत्राला वाटलं, माणूस गेला!" मास्तर म्हणाले.

पण पुढचा रुग्ण दाराशी येऊन बसला होता.

काकूंनी बाह्या वर सारल्या. खुर्ची बेसिनला टेकवून मास्तरांचं डोकं साबणाने खसाखसा धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. "अगं, टक्कल पाडतेस की काय!" टोपी पुन्हा चढली. चेंडू थरथरला. थांबला.

काकू त्यांच्या कानाशी वाकल्या. "अहो, नुसता हात नका हलवू. कापड पसरलंय. खडूची रेघ आखलीय. कापा."

मास्तर पडद्याकडे रोखून बघत राहिले. चेंडू सरकला, अडखळला, मग सरळ रेघेत जाऊन जाळीत पडला.

"आता मी एकटाच फिरायला जाणार," मास्तर म्हणाले. "वाट बघत बसू नकोस."

काकूंनी हात जोडले आणि ते जोडलेलेच राहिले. एकटे? मग दारात खुर्ची उचलणार कोण?

घरी आल्यावर चादर तशीच अर्धी बादलीत राहिली. काकू चप्पल न काढता तशाच सुताराकडे निघाल्या, उंबरा काढून टाकायला सांगायला.