ओटीतले तांदूळ

वहिनी, मंद्रूपच्या आपल्या अंगणातून मी निघाले तेव्हा आई दाराला बांधलेल्या कडुलिंबाच्या डहाळ्यांआड उभी होती. बाहेर आली नाही. तुमच्या चिमीच्या अंगावर देवी आल्या होत्या, आणि पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आलेली मी चौथ्याच दिवशी आल्या पावली सोलापूरला परत निघाले होते. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. आईनं ओटी भरली नाही. देवी असलेल्या घरातून काही द्यायचं नसतं. एवढंच म्हणाली, "कुणाला सांगू नगंस. न्हायतर घरात घ्यायच्या न्हाईत तुला."

एसटी स्टँडवर उतरले आणि धडकी भरली. रिकाम्या ओटीनं गेले तर सासूबाई ओळखणार. समोरच्या दुकानातून खण, नारळ, तांदूळ घेतले आणि माझी ओटी मीच भरली. गिरणीच्या चाळीत शिरताना सांगितलं, तिकडं करमेना. सासूबाईंनी पदरातले तांदूळ डब्यात ओतले आणि पाणी दिलं.

तेव्हापासून मी जी भ्याले, ते विचारू नका. घामोळं आलं तरी देवीच वाटायच्या. मोरीचं दार लावून अंग न्याहाळायची. बाळ तासभर हललं नाही की वाटायचं, स्वतःची ओटी स्वतः भरल्याचं हे फळ. हललं की वाटायचं, तडफडतंय. शेजारणीनं तान्हं मांडीवर द्यायला पुढं केलं की हात मागे घ्यायची. जेवण का जात नाही, असं ह्यांनी विचारलं की म्हणायची, उकाडा. आता माझी गरोदर नात जुळे सोलापूर भागातल्या दवाखान्यात जाते, तिथली डॉक्टरीण बीपी बघता बघता टेन्शन आहे का, झोप लागते का, हेही विचारते. मला कुणी विचारलं असतं तरी काय सांगणार होते? देवीचं नाव घेतलं की ती येते, एवढंच मला ठाऊक.

एके सकाळी देवी टोचणारे चाळीत आले. सासूबाई मला बोलवायला आल्या आणि मी मोरीतच बसून रडले. सगळं सांगून टाकलं. माझ्यामुळे तुमच्याही घरात देवी येतील, मला बाहेर काढा म्हणाले.

त्या माझ्याशेजारी ओल्या फरशीवर बसल्या. "मला पैल्या दिवशीच कळलं की. लग्नात तुज्या आईनं ओटीत गहू घातले हुते. मंद्रुपात तांदूळ कोण घालतंय?" मग हळूच म्हणाल्या, "मी बी लई भ्याले. पर पोटुशी पोर कुटं लावून देऊ?"

उठून त्यांनी डब्यातले ओंजळभर गहू आणले आणि माझ्या भिजल्या पदरात घातले.

चिमी वाचली, चेहऱ्यावर वण राहिले. माझी लेकही सुखरूप झाली. वहिनी, तुम्ही दर दिवाळीला विचारता, घरी कधी येणार. मंद्रूप माझं माहेर आहेच. पण अजूनही जीव घाबरला की मला ती मोरी आठवते. ज्या घरात मी खोटं बोलून शिरले आणि ते ओळखूनही जिथं मला ठेवून घेतलं, ते माझं घर.