उजवीकडं वळलेलं जहाज

आष्ट्याच्या नाक्यावर नजीर मिस्त्रीचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. माझी सकाळ तिथंच जाते. दुरुस्तीला आलेला ट्रॅक्टर उशिरा का होईना जातो, पण त्याच्याबरोबर आलेली गोष्ट जात नाही. ती ऑइलच्या डब्यांमागं पडून राहते आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्यात हवा भरून परत सांगतो. मी जन्मभर उसाचा ट्रॅक्टर चालवला, शाळा चौथीत सोडली. मला हवा भरता येत नाही. माझ्या पुतण्याचं, संपतचं, जे झालं ते झालं तसं सांगतो. गॅरेजातले लोक वेगळं सांगतील. त्यांचं ऐकू नका.

* * *

आमच्या घरातली पोरं मिल्ट्रीत जातात. संपतची छाती कमी भरली, म्हणून तो व्यापारी जहाजावर खलाशी झाला. चाक धरून जहाज वळवायचं हे त्याचं काम. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा त्याच्या आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं,

"रातच्याला जहाज कुठं लावतासा रं?"

"लावत न्हाई, आई. चालूच असतंय."

"आन् अंधारात दिसतंय कसं?"

"दिवं असत्यात की."

"तुला दिसंल रं. समोरच्याला दिसाय नगं व्हय?"

संपत हसला. पुढच्याच खेपेला समोरच्यानं आमच्या जहाजाला धडक दिली, आणि तीही लख्ख उजेडात.

* * *

कुणी मेलं नाही. पण दोन्ही जहाजांची तोंडं चेमटली, माल भिजला, आणि दोन्ही मालक एकमेकांवर मुंबईच्या कोर्टात गेले. त्या वेळी चाकावर संपत होता. त्याची साक्ष होईपर्यंत कंपनीनं त्याला घरी बसवलं. चूक त्याची निघाली तर जहाज बंद. खंडाळ्याच्या पाहुण्यांची मुलगी, सुनंदा, त्याला द्यायची ठरली होती. ते बोलणंही तिथंच थांबलं.

गॅरेजात नजीरनं पाना खाली ठेवला. "एवढा समुद्र मोकळा पडलाय. तुमाला एकमेकांच्याच अंगावर जायाचं व्हतं?"

"चाचा, समुद्रातबी वाटा असत्यात. समोरासमोर आलं की दोघांनी आपापल्या उजवीकडं वळायचं. कॅप्टननं हुकूम दिला, मी उजवीकडं घेतलं. त्यो बाबा डावीकडं आला."

मग मीच म्हणालो, "म्हंजे चूक तुझीच की. गाडी डावीकडनं चालवत्यात."

त्या दिवशी जेवताना संपत माझ्याशी बोलला नाही.

* * *

आमच्या शेजारच्या दौलूतात्यांची बांधाची केस मला कळतंय तेव्हापासून चालू आहे. साक्षीदार तयार करण्यात त्यांच्याएवढा वाकबगार माणूस तालुक्यात नाही. संपतला तयार करायचं काम त्यांनी आपणहून घेतलं.

"पयलं म्हणायचं, साहेब, डोळं अधू हैत. आमच्या केसमधी समद्या साक्षीदारांचं डोळं अधू हैत."

"तात्या, डोळं अधू म्हटल्यावर जहाजावर कोण घेईल मला?"

"मग कान अधू म्हण."

"मग कॅप्टनचा हुकूम ऐकला कसा?"

तात्या लय खिन्न झाले. "अवघड हाय रं तुझं. तुला समदंच दिसलंय आन् समदंच ऐकू आलंय."

* * *

साक्षीला मी गेलो, तात्या गेले. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. जज्जसाहेबांनी संपतला मराठीत बोलायला सांगितलं. समोरच्या कंपनीचा वकील उंच, आवाज गोड. असले वकील वाईट.

"चाक तुम्ही कुठं वळवलंत?"

इथं तात्या खोकले. आमच्याकडच्या कोर्टात आपल्या माणसानं खोकलं की साक्षीदारानं ओळखायचं, उत्तर द्यायचं नाही.

"उजवीकडं," संपत म्हणाला.

"घाईत चूक झाली नसेल?"

तात्या जोरात खोकले.

"न्हाई साहेब. हुकूम उजवीकडचा व्हता, मी उजवीकडंच घेतलं."

पुढच्या प्रश्नाला तात्या एवढे खोकले, की जज्जसाहेबांनी लिहिणं थांबवलं आणि म्हणाले, "त्या आजोबांना पाणी द्या. आणि बाहेर हवेत बसवा."

शिपाई तात्यांना हाताला धरून घेऊन गेला. संपतनं उरलेली साक्ष बिनखोकल्याची दिली. बाहेर आला तर तात्या तोंड फिरवून बसलेले.

"एवढं खरं कोर्टात कुणी बोलतं व्हय?" ते म्हणाले. "आता बस बोंबलत."

निकालात चूक समोरच्या जहाजाची निघाली. संपतला कंपनीचं बोलावणं आलं. तात्या अजून म्हणतात, निकाल चुकलाय.

* * *

पण खंडाळ्याचे पाहुणे हलेनात. मिल्ट्रीत ट्रक चालवून रिटायर झालेला गडी. "डोंगरात गाडी चालवली, पण एक ओरखडा न्हाई," ते म्हणायचे. "डावी बाजू सोडली त्यो गुन्हेगार. कोर्टाला काय गाडी चालवता येती?"

शेवटी नजीरनं त्यांना गॅरेजावर बोलावलं. आले, सुनंदालाही घेऊन आले. बाजाराचं पटांगण मोकळं होतं. तिथं नजीरनं दोन ट्रॅक्टर समोरासमोर उभे केले. एकावर मी, एकावर पाहुणे. संपत कडेला उभा.

"मामा, आप्पा, नीट ऐका," संपत पाहुण्यांना आणि मला म्हणाला. "हळू यायचं. मी हात वर केला की दोघांनी आपापल्या उजवीकडं. समजलं?"

"मला शिकवतो व्हय?" पाहुणे म्हणाले, आणि गिअर टाकला.

आम्ही निघालो. संपतनं हात वर केला. मी दात-ओठ खाऊन उजवीकडं वळवलं. जन्मात पहिल्यांदा. आणि बघतो तर पाहुणे सरळ माझ्याच अंगावर येतायत.

"बाबा, उजवीकडं!" सुनंदा ओरडली.

पाहुण्यांनी आणखी डावीकडं ओढलं. धाडकन आवाज झाला. त्यांच्या ट्रॅक्टरचा दिवा फुटला, माझा मडगार्ड आत गेला.

संपतनं पुढं होऊन पाहुण्यांना हात दिला, खाली उतरवलं. ते दोन्ही ट्रॅक्टरभोवती फिरले. फुटलेल्या दिव्याची काच उचलून पाहिली, पुन्हा खाली ठेवली. सुनंदा पदर तोंडाला लावून उभी होती.

मग पाहुणे माझ्याजवळ आले, हात झटकले आणि म्हणाले, "आप्पा, साखरपुडा तुमच्यात करायचा का आमच्यात?"